उन्हाळा, तान्हं बाळ आणि पाण्याचा ड्रम

प्रश्न : बाळ चार महिन्यांचं, थोरली दोन वर्षांची. लातूरच्या उन्हात बाळाला वरचं पाणी पाजावं, असं सासूबाई म्हणतात. पाजू का?

उत्तर : नको. सहा महिन्यांपर्यंत अंगावरचं दूध पुरतं. त्यात सुमारे ८७ टक्के पाणीच असतं. बाळ मागेल तितक्या वेळा पाजा, पाणी तुम्ही प्या.

सासूबाईंची माया खरी आहे. त्यांना थोरलीवर लक्ष ठेवायला सांगा. मला जास्त काळजी तिचीच वाटते. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या लातुरात घरोघरी पाणी साठवलेलं असतं. या वयात डोकं जड, तोल जातो. अर्ध्या बादलीतही मूल बुडतं, आवाजसुद्धा होत नाही. ड्रमला घट्ट झाकण, रिकामी बादली पालथी, न्हाणीला वरची कडी. पाजायला बसताना थोरलीला त्याच खोलीत घ्या.