सुकाणूच्या तारेचे कवच

जुन्या विहिरींच्या काठावरील दगडांवर खोल खाचा दिसतात. पाणी ओढणाऱ्या दोराने वर्षानुवर्षे घासून त्या पाडलेल्या असतात. दोराने दगड झिजतो, हे आपण पाहतो; परंतु त्याच वेळी दगडही दोराला झिजवीत असतो, हे सहसा ध्यानात येत नाही. विहिरीचा दोर तुटला, तर घागर बुडते. असाच दोर आकाशात तुटला तर?

विमानाचा आणि दोराचा संबंध काय, असे कोणी विचारील. १६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची प्रवासी विमानसेवा सुरू झाली. अशी प्रवासी विमाने मोठमोठ्या कारखान्यांत तयार होतात. पण काही ध्येयवेडी माणसे आपले लहान विमान स्वतःच्या हातांनी घरीच बांधतात. मुंबईतील कांदिवली येथे वैमानिक कॅप्टन अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान उभारले. ते २०१६ साली मुंबईच्या प्रदर्शनात मांडले गेले, २०१७ साली त्याची सरकारी नोंदणी झाली आणि २०२० साली धुळे येथे त्याच्या उड्डाणाची चाचणी झाली.

लहान विमानांच्या शेपटीस उभे सुकाणू असते. वैमानिकाने पायाखालचा दांडा दाबला, की ते वळते. पाय पुढे आणि सुकाणू मागे. या दोहोंना पुष्कळ विमानांत पोलादी केबल जोडते. वऱ्हाडात कापसाच्या सुताला पीळ देऊन दोर वळतात, तशीच ही केबल बारीक तारांना पीळ देऊन केलेली असते. तिच्या एका नेहमीच्या प्रकारात सात पेड असतात व प्रत्येक पेडात १९ तारा, म्हणजे एकूण १३३ तारा. तिची जाडी मात्र अवघी तीन मिलिमीटरच्या आसपास!

शेपटीजवळ ही केबल विमानाच्या अंगातील छिद्रातून बाहेर पडते. तेथे वाऱ्याचे भोवरे उठतात व विमानाची गती अडते. वेग दुप्पट झाला, की हा विरोध सुमारे चौपट होतो. म्हणून त्या छिद्रावर पत्र्याचे वा काचतंतूचे लहानसे कवच बसवितात. त्याला ‘फेअरिंग’ म्हणतात. माशाच्या अंगाप्रमाणे ते पुढे गोलसर व मागे निमुळते असते. त्यामुळे वारा त्यावरून अलगद सरकतो. केबल बाहेर पडावी म्हणून त्याचे मागचे तोंड उघडे ठेवतात.

हे कवच बसविणे सोपे वाटते. पण खरी कसोटी येथेच लागते. कुशल कारागीर आधी कागदाचा नमुना कापून जागेवर लावून पाहतो. छिद्रे पाडताना गिरमिटाचे टोक केबलला लागणार नाही, याची तो काळजी घेतो. धातूचा कीस झाडून काढतो. स्क्रू आत अधिक लांब तर गेला नाही ना, हे तपासतो. मग एकजण सुकाणू अगदी डावीकडे व अगदी उजवीकडे फिरवितो आणि दुसरा केबलकडे पाहत राहतो. कारण केबल सरळ असताना मोकळी दिसली, तरी सुकाणू पुरते वळताच ती कडेला घासू शकते. घासलेल्या केबलची एकेक तार तुटत जाते, आणि बाहेरून काही दिसतही नाही. म्हणून केबलवरून फडके फिरवितात. तुटलेल्या तारेचे टोक असेल, तर फडके अडकते.

अनेक महिने खपून बांधलेल्या विमानात हे कवच तळहातापेक्षाही लहान असते. ते नसले, तर विमान थोडे मंदावेल. पण ते चुकीचे बसले, तर सुकाणूच अडेल व वैमानिकाच्या प्राणावर बेतेल. तेव्हा आवरण असे असावे, की ज्याने वाऱ्याला वाट द्यावी, परंतु केबलला स्पर्शही करू नये. मोठ्या कार्याची सुरक्षितता अशा लहान कामातील सावधपणावरच अवलंबून असते.

स्वाध्याय

१. दोर व दगड यांच्या उदाहरणावरून लेखकाने काय सुचविले आहे?
२. फेअरिंगचे मागचे तोंड उघडे का ठेवतात?
३. सुकाणू दोन्ही बाजूंना पुरते फिरवून का पाहावे लागते?