बावन्न अक्षरांची झोळी

सेकंड इयरला डेटा स्ट्रक्चर्समध्ये मला केटी लागली होती, हे आमच्या विंगमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. लिंक्ड लिस्टची व्याख्या मला तोंडपाठ होती. आकृतीसुद्धा छान काढता यायची: चौकोन, बाण, चौकोन, बाण, आणि शेवटी अर्थिंगसारख्या तीन रेघा. पण पेपरात "मधला नोड काढून दाखवा" असं आलं आणि कुठला बाण कुठे वळवायचा हेच कळेना. आकृती पाठ होती, पण ती कशासाठी आहे हे मला कोणी विचारलं नव्हतं, आणि मीही कोणाला विचारलं नव्हतं.

केटीचा अभ्यास सुरू केला तेव्हा विंगमधल्या एका सीनियर ताईने तिच्या जुन्या मशीनवर मला 'नेटहॅक' लावून दिलं. म्हणाली, "पुस्तक बंद कर, आठवडाभर हे खेळ. मग याचाच सोर्स कोड वाच." मला वाटलं चेष्टा करतेय. पण चेष्टा नव्हती. त्या आठवड्यात जे समजलं ते इथे लिहिते आहे. ज्यांना केटी आहे त्यांनी अभ्यास म्हणून वाचावं, ज्यांना नाही त्यांनी करमणूक म्हणून.

खेळ काय आहे

नेटहॅक १९८७ साली आलं. त्याच्या आधीचं 'हॅक', आणि त्याच्याही आधीचं 'रोग', अशी त्याची वंशावळ आहे. ग्राफिक्स जवळजवळ नाहीतच. काळ्या पडद्यावर आपण म्हणजे ईमेलच्या पत्त्यातलं ॲटचं चिन्ह, भिंती म्हणजे रेघा, आणि राक्षस म्हणजे एबीसीडीतली अक्षरं. एका भुयारात मजल्यामागून मजले खाली उतरायचं आणि एक ताईत घेऊन परत वर यायचं. मेलात की मेलात. जुना सेव्ह उघडून परत खेळता येत नाही. सगळा खेळ सी भाषेत लिहिलेला आहे आणि त्याचा कोड कोणालाही वाचता येतो.

भुयारात जे सापडेल ते आपण झोळीत टाकतो: तलवारी, अंगठ्या, औषधांच्या बाटल्या, मंत्राच्या गुंडाळ्या, छड्या, शिधा. ही झोळी म्हणजेच इन्व्हेंटरी. तिला दोन मर्यादा आहेत, एक अक्षरांची आणि एक वजनाची.

पहिली मर्यादा: अक्षरं

झोळीतल्या प्रत्येक वस्तूला एक अक्षर मिळतं. लहान लिपीतली २६ आणि कॅपिटल २६, मिळून ५२. सोन्याच्या नाण्यांना डॉलरचं चिन्ह वेगळं असतं. त्रेपन्नावी वस्तू उचलायला गेलं की खेळ सांगतो, झोळीत आता जागा नाही.

नवीन वस्तूला अक्षर कसं मिळतं? मला वाटायचं की पहिलं रिकामं अक्षर मिळत असेल. तसं नाही. प्रोग्राम आधी ५२ खणांचा एक ॲरे घेतो आणि वापरात असलेल्या अक्षरांवर खूण करतो. मग मागच्या वेळी जे अक्षर दिलं होतं त्याच्या पुढून शोधायला लागतो. शेवटच्या अक्षरापर्यंत रिकामं सापडलं नाही तर वळसा घालून परत सुरुवातीला येतो. म्हणजे आपली सर्क्युलर क्यूची कल्पना! वस्तू खाली ठेवून पुन्हा उचलली आणि तिचं जुनं अक्षर अजून रिकामं असलं, तर तेच परत मिळतं. यामागे खेळणाऱ्याच्या बोटांची सवय आहे. 'ए' म्हणजे तलवार हे एकदा बोटांत बसलं की संकटाच्या वेळी यादी बघावी लागत नाही.

अक्षरं वाचवायची म्हणून सारख्या वस्तूंचा गठ्ठा होतो. पण 'सारखं' म्हणजे काय, याची व्याख्या कडक आहे. प्रकार तोच हवा, आशीर्वादित, साधी की शापित ही अवस्था तीच हवी, धार तेवढीच हवी, गंजही तेवढाच हवा. साधे पाच खंजीर एका अक्षरात बसतात, पण एक गुण जास्त धारेचा सहावा खंजीर आला की तो वेगळं अक्षर खातो. गठ्ठ्यात मिसळताना फक्त नगांची संख्या वाढते आणि दुसऱ्या वस्तूची मेमरी मोकळी केली जाते. पाचातला एक फेकला तर उलटं होतं: एक नवीन नोड तयार होतो, त्यात १, आणि जुन्यात ४.

दुसरी मर्यादा: वजन

वजन पेलण्याचं सूत्र असं आहे: ताकद अधिक सहनशक्ती, त्याला २५ ने गुणा, त्यात ५० मिळवा. उत्तर कितीही आलं तरी १००० च्या वर जात नाही. ताकद १६ आणि सहनशक्ती १४ असेल तर ३० गुणिले २५ म्हणजे ७५०, अधिक ५०, एकूण ८००.

आता वस्तूंची वजनं बघा. अंगठी ३, गुंडाळी ५, छडी ७, खंजीर १०, औषधाची बाटली २०, शिध्याचं एक पुडकं २०, लांब तलवार ४०, कुदळ १००, आणि अंगभर पोलादी चिलखत ४५०. सोन्याची १०० नाणी मिळून वजन फक्त १.

ओझं वाढलं की खेळ एकदम थांबवत नाही, पायरीपायरीने त्रास देतो. पहिल्या पायरीला वेग पाऊणपट, दुसरीला अर्धा, तिसरीला पाव, चौथीला एक अष्टमांश, आणि पाचवीला हलताच येत नाही. दुसऱ्या पायरीपासून भूकही जास्त लागते. म्हणजे शिधा जास्त घेतला म्हणून ओझं वाढतं आणि ओझं वाढलं म्हणून शिधा जास्त लागतो. परीक्षेच्या आधी सगळ्या विषयांच्या झेरॉक्स गोळा करणाऱ्यांनी यावर विचार करावा.

एरवी जड वस्तू उचलताना खेळ विचारतो, उचलू का? पण 'लोडस्टोन' नावाचा एक करडा दगड आहे, त्याच्या बाबतीत विचारतसुद्धा नाही. त्याचं वजन ५००, बहुतेक वेळा तो शापित असतो आणि शापित असला की खाली टाकता येत नाही. दिसायला तो शुभ दगडासारखाच. म्हणून जाणकार माणूस करड्या दगडाला आधी लाथ मारतो. सरकला तर उचलायचा, 'धप्प' झालं तर नमस्कार करून पुढे जायचं.

आत काय चाललंय

आता मुख्य मुद्दा. सोर्स कोडमध्ये प्रत्येक वस्तू म्हणजे एक स्ट्रक्चर. त्यात अक्षर, नग, वजन, शापित की आशीर्वादित, वस्तू सध्या कुठे आहे हे सगळं असतं, आणि पुढच्या वस्तूचा पॉइंटर असतो. म्हणजे अख्खी झोळी ही एक लिंक्ड लिस्ट आहे.

जमिनीवर पडलेल्या वस्तूंचीही अशीच लिस्ट असते. राक्षसाच्या खिशातल्या वस्तूंचीही. मी तलवार उचलते तेव्हा मेमरीत तलवार जागची हलत नाही. जमिनीच्या साखळीतून तिची कडी सुटते आणि माझ्या साखळीत अडकते. बदलतात ते फक्त पॉइंटर. त्या रात्री मला "मधला नोड काढणे" म्हणजे काय ते समजलं: साखळीत आधीची वस्तू शोधायची, आणि तिचा बाण आपल्या वस्तूला ओलांडून पुढच्या वस्तूकडे वळवायचा. बस. एवढ्यासाठी मी नापास झाले होते.

ॲरे का नाही, हेही कळलं. झोळीला ५२ ची मर्यादा आहे, पण जमिनीला नाही. एका चौकोनात दोनशे वस्तूंचा ढीग पडू शकतो. शिवाय वस्तू सारख्या इकडून तिकडे जातात. प्रत्येक वेळी ॲरे सरकवत बसणं परवडत नाही. जमिनीवरची वस्तू तर एकाच वेळी दोन साखळ्यांत असते, एक पूर्ण मजल्याची आणि एक तिच्या चौकोनातल्या ढिगाची.

पिशवीतली पिशवी

वस्तूच्या आत वस्तू असू शकते. गोणीच्या स्ट्रक्चरमध्ये आतल्या लिस्टचा पॉइंटर असतो. म्हणून वजन काढणारं फंक्शन आतल्या प्रत्येक वस्तूसाठी स्वतःलाच बोलावतं. पुस्तकातल्या फॅक्टोरियलपेक्षा रिकर्शनचं हे उदाहरण मला जास्त पटलं.

सगळ्यांना हवी असते ती जादूची पिशवी. तिचं स्वतःचं वजन १५. ती साधी असेल तर आतलं वजन निम्मं होतं, आशीर्वादित असेल तर पाव, आणि शापित असेल तर दुप्पट. ६०० वजनाचं सामान भरलं तर पिशवीसकट अनुक्रमे सुमारे ३१५, १६५ आणि १२१५. शापित पिशवीतून वर वस्तू गायबही होतात.

पण तिचा एक नियम आहे. जादू रद्द करणारी छडी, जिच्यात अजून शक्ती शिल्लक आहे, ती या पिशवीत ठेवली की पिशवी फुटते. एका जादूच्या पिशवीत दुसरी ठेवली तरी फुटते. आणि ही तपासणीही रिकर्सिव्ह आहे. छडी साध्या गोणीत लपवून ती गोणी पिशवीत ठेवली तरी खेळ आत डोकावतो.

हे मी आधी वाचलेलं नव्हतं. पाच दिवस जपलेली माझी सैनिक बाई, पिशवीत सगळी औषधं, गुंडाळ्या आणि शिधा. एक अनोळखी छडी सापडली होती. अक्षरं वाचावीत म्हणून ती इतर छड्यांबरोबर गोणीत टाकली आणि वजन वाचावं म्हणून गोणी पिशवीत. एका ओळीचा संदेश आला. पिशवी, गोणी, सगळं गेलं. बाई त्या स्फोटात वाचली, पण पुढच्याच खोलीत सैनिक मुंग्या भेटल्या आणि प्यायला एकही बाटली नव्हती. रात्रीचे अडीच वाजले होते. मी खरंच रडले. रूममेट उठली, तिला वाटलं घरून काही फोन आला.

ताई सकाळी म्हणाली, "छडी न तपासता आत का टाकलीस? आधी जमिनीवर काहीतरी खरडायचं आणि त्यावर त्या छडीने लिहून बघायचं. आधीचं लिखाण नाहीसं झालं तर ती छडी पिशवीबाहेर ठेवायची." मग जरा थांबून म्हणाली, "तू अभ्यासपण असाच करतेस. न उघडता आत टाकतेस."

हे वाक्य मला त्या स्फोटापेक्षा जास्त लागलं, कारण ते खरं होतं. व्याख्या, आकृत्या, सीनियर्सच्या नोट्स, सगळं मी न तपासता डोक्यात भरत होते, आणि पेपरात एक अनोळखी प्रश्न आला की सगळंच जायचं.

केटीच्या पेपरात लिस्टवर प्रश्न आला. चौकोन काढण्याआधी मी मनात एक तलवार जमिनीवरून उचलली, मग उत्तर लिहिलं. पास झाले. डिस्टिंक्शन वगैरे काही नाही, पण त्या उत्तरातला प्रत्येक बाण माझा होता.

ताई यंदा पास आउट होऊन गेली. जाताना तिची ट्रंक भरायला मी मदत केली. तीन वर्षांच्या नोट्स तिने रद्दीत दिल्या, आणि ते जुनं मशीन मात्र माझ्या टेबलावर ठेवून गेली. ज्यांना डेटा स्ट्रक्चर्स अडतंय त्यांनी संध्याकाळी मेसनंतर या. करडा दगड दिसला तर आधी लाथ मारा, एवढंच.