नऊ एकांचा वर्ग

दहावीनंतर गणिताची वही माळ्यावर टाकून मी कला शाखेत आलो. शाळेत एकदा फळ्यावर गुणाकार करताना हातचा विसरलो आणि सारा वर्ग हसला. तेव्हापासून मोठी संख्या दिसली की छातीत धडधडे. म्हणूनच प्रस्तुत लेखासाठी मी मुद्दाम एक सतरा अंकी संख्या निवडली आहे: १२३४५६७८९८७६५४३२१.

ही संख्या डावीकडून वाचा वा उजवीकडून, सारखीच. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तील स्थाननामांप्रमाणे तिचा पहिला अंक 'मध्य' स्थानी बसतो. त्यापुढचे स्थान म्हणजे परार्ध.

अशा संख्यांचा अभ्यास दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी केला. १९०५ साली डहाणूस जन्मलेले कापरेकर पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले व पुढे देवळालीस शाळामास्तर झाले. १९२३ साली, इकडे आमच्या मुळशीत धरणाविरुद्ध सत्याग्रह चालू असताना, त्यांना एका रेल्वे स्थानकावर ही कल्पना सुचली. त्या स्थानकावरून त्यांनी या संख्यांना 'डेम्लो' असे नाव दिले. पदव्युत्तर पदवी नसलेल्या या शिक्षकाचे काम अनेकांनी पोरखेळ मानले. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात लिहिले, तेव्हा जगाचे लक्ष तिकडे गेले.

आता या संख्येचे मर्म पाहू. ती १११११११११ या संख्येचा वर्ग आहे. गुणाकार मांडला की नऊ एकांच्या नऊ ओळी येतात आणि प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकते. आमच्याकडे भाताची लावणी करताना ओळी तिरक्या गेल्या तर जसे दिसते, तसेच हे. कडेच्या उभ्या रांगेत एकच रोप, पुढच्या रांगेत दोन, मधल्या रांगेत नऊ. मग पुन्हा उतरती. कोणत्याही रांगेची बेरीज नवाच्या पुढे जात नाही, म्हणून हातचा येत नाही. एकूण एक ८१. म्हणून संख्येतील अंकांची बेरीजही ८१!

मग दहा एक घेतले तर? पौडच्या एस.टी. थांब्यावर वहीच्या मागच्या पानावर मी ते करून पाहिले. मधल्या रांगेत दहा आले, हातचा आला, तो शेजारच्या नवात मिळून आणखी एक हातचा आला. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. डौल मोडला, आठ एका बाजूने नाहीसा झाला. अंकांची बेरीज मात्र १०० न येता ८२ आली. मी तीनदा मोजले. शेवटी उमगले: प्रत्येक हातच्याला दहा जाऊन एक येतो, म्हणजे बेरजेतून नऊ वजा होतात. दोन हातचे, म्हणून अठरा कमी.

त्या नादात माझी एस.टी. चुकली. पण फळ्यावर विसरलेला हातचा कुठे जातो आणि काय करतो, हे मला त्या दिवशी प्रथम कळले. मित्रहो, अकरा एकांचा वर्ग तुम्ही स्वतः करून पाहा. हातचा विसरलात तरी येथे कोणी हसणार नाही.