टेम्पोभर म्हणजे किती?

भाजीच्या वाफ्यांवर उन्हाळ्यासाठी आच्छादन हवं होतं. "ताई, भाताचं तूस टेम्पोभर टाकतो, पुरून उरेल," असं देणाऱ्याने सांगितलं. तूस फुगीर, म्हणून ढीग डोळ्यांत भरला. पसरलं तर बोटाचं पेरही बुडेना. मेअखेरीस वळवाचा वारा सुटला आणि जे होतं तेही शेजाऱ्यांच्या गच्चीवर जाऊन पडलं. पैसे मात्र टेम्पोचे गेले.

गंमत अशी की बांधकामाला लागणारी वाळू, मुरूम, खडी आपण ब्रासने मोजून घेतो आणि त्यावर घासाघीसही करतो. आच्छादनाला तोच हिशेब लावायला काय हरकत आहे? एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. थर तीन इंचांचा, म्हणजे पाव फूट, धरला तर एका ब्रासमध्ये ४०० चौरस फूट जागा झाकते. घरच्या बागेला एवढं क्वचितच लागतं. दहा फूट लांब, चार फूट रुंद वाफा घ्या. चाळीस चौरस फुटांना पाव फुटाने गुणलं की दहा घनफूट होतात. पन्नास किलो गव्हाची गोणी साधारण सव्वादोन घनफुटांची असते, म्हणजे चार-पाच गोण्या पुरतात. तीन फूट व्यासाच्या आळ्याला तर एक गोणीही जास्त होते.

मात्र हा हिशेब बसलेल्या थराचा. लाकडाचे तुकडे फारसे बसत नाहीत. वाळलेला पालापाचोळा दोन पाण्यांत निम्म्यावर येतो, म्हणून त्याच वाफ्याला आठ-दहा गोण्या धराव्यात. माल देणाऱ्याला टेम्पोचा दर विचारू नका; गोणी किती घनफुटांची, ती दाबून भरली की सैल, आणि माल कोरडा की ओला, हे विचारा. ओला भुसा वजनावर घेतला तर पाण्याचे पैसे दिल्यासारखं होतं.

आता काय घ्यायचं? नाशिककरांना निवड भरपूर आहे, आणि तिथेच फसगत होते. तूस घोटीच्या भात गिरण्यांमुळे सहज मिळतं, पण ते उघड्या वाफ्यासाठी नाही. कुंडीत किंवा वर जाड पाला टाकून चालतं. वखारीतला लाकडाचा भुसा मातीत मिसळला की तो कुजवणारे जिवाणू मातीतलंच नत्र ओढून घेतात आणि मेथी-पालक पिवळी पडते. वरवर पसरला तर त्रास कमी, तरी खाली शेणखताचा हात फिरवावा. फर्निचरच्या दुकानातला भुसा फुकट मिळाला तरी नको, त्यात प्लायवुड आणि त्याचा गोंद असतो. उसाची ताजी चिपाडं टाकली की उरलेल्या गोडीला मुंग्यांची रांग लागते. ती आधी महिना-दोन महिने कुजू द्यावीत.

द्राक्षबागेतल्या छाटणीच्या काड्या हा या जिल्ह्याचा खास माल. एप्रिलमधल्या खरड छाटणीनंतर आणि ऑक्टोबरमधल्या गोडी छाटणीनंतर त्या ढिगाने निघतात. यंत्रातून बारीक केल्या तर जड पडतात, उडत नाहीत, लवकर कुजत नाहीत. पण बागेवर फवारण्या सतत चालतात आणि डाऊनी, भुरीसारखे रोग काडीसोबत येऊ शकतात. घरी मांडवावर द्राक्षाचा वेल असेल तर या काड्यांना फाटकातच थांबवा. फुलझाडांच्या आळ्यांना मात्र चालतील.

माझं मत विचाराल तर सगळ्यात चांगला पाला तोच, जो फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुनिंब, आंबा, बदामाखाली पडतो आणि झाडून रस्त्याच्या कडेला पेटवला जातो. उघड्यावर कचरा जाळायला बंदी आहे, तरी धूर दिसतोच. श्री. अ. दाभोलकरांच्या प्रयोग परिवाराने हाच पालापाचोळा मातीला परत देण्याचा आग्रह धरला होता. सोसायटीच्या सफाई कामगारांना आधी सांगून ठेवा, गोण्या भरून मिळतात. फक्त त्यातलं प्लॅस्टिक आणि दोऱ्याचे तुकडे निवडावे लागतात. चंदेरी-काळा मल्चिंग पेपर गिरणारे भागात टोमॅटोसाठी उपयोगी ठरतो, पण घरच्या वाफ्यात त्याचे फाटके तुकडे वर्षानुवर्षं हाताला लागतात.

आच्छादन पसरायच्या आदल्या दिवशी भरपूर पाणी द्या. कोरड्या मातीवर जाड थर टाकला की झारीचं हलकं पाणी वरच जिरतं आणि मुळं तहानलेली राहतात. ठिबक असेल तर नळी थराखाली घ्या. खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी सोडा, नाहीतर साल कुजते किंवा वाळवी चढते.

जूनमध्ये पाऊस लागला की थर निम्मा करून उरलेला कंपोस्टच्या खड्ड्यात टाका. नाशिकची काळी माती पाणी धरून ठेवते, तिच्यावर ओला जाड पाला म्हणजे गोगलगायींना घर. लातूर, बीडकडे सोयाबीनवर तुटून पडलेल्या शंखी गोगलगाई ऐकून असाल. त्या बागेतही येतात, तेव्हा रात्री टॉर्च घेऊन वेचाव्या लागतात. पाऊस सरला की ऑक्टोबरच्या उन्हात माती भेगाळायच्या आत थर पुन्हा तीन इंचांचा करायचा, आणि त्यासाठी लागणाऱ्या गोण्या गणपतीच्या सुमारासच सांगून ठेवायच्या. दिवाळीत कोणी टेम्पो देत नाही.