जुना कागद कुठे लागू पडतो?

“हे तर आधीपासून आहेच की!” पेटंटची नोटीस आली की भोसरी-चाकणच्या वर्कशॉपमध्ये पहिलं वाक्य हेच निघतं. एका फिक्स्चर बनवणाऱ्याने मला मोबाइलमधले जुने फोटो दाखवले. फिक्स्चर अगदी तसंच दिसत होतं, पण वाद ज्या क्लॅम्पचा होता तो फोटोत जॉबमागे झाकलेला. कामाला आलं ते तारखेचं ड्रॉइंग आणि सोबतचं डिलिव्हरी चलन. नुसतं ड्रॉइंग कपाटातच राहिलं असतं. माल गिऱ्हाइकाकडे उघडपणे वापरात गेला हे चलनानं दाखवलं.

याच पट्ट्यातला मोठा दाखला आकुर्डीच्या बजाज ऑटोचा. १६ जुलै २००२ च्या अर्जावर त्यांना २००५ मध्ये पेटंट मिळालं: ४५ ते ७० मिलिमीटर बोअरच्या, दोन झडपांच्या फोर-स्ट्रोक इंजिनात दोन स्पार्क प्लग. २००७ मध्ये टीव्हीएसची ‘फ्लेम’ मोटरसायकल आली आणि वाद पेटला. टीव्हीएसने होंडाचं जुनं अमेरिकी पेटंट पुढे केलं. त्यातही दोन प्लग होते. बजाजचं म्हणणं, नावीन्य प्लगच्या संख्येत नाही, ती जोडी छोट्या बोअरमध्ये बसवण्यात आहे. टीव्हीएसचा दुसरा मुद्दा, फ्लेमला झडपा तीन, दोन नव्हेत. फेब्रुवारी २००८ मध्ये मद्रास हायकोर्टाने फ्लेमला मनाई केली, मे २००९ मध्ये खंडपीठाने ती उठवली.

म्हणून जुना दस्तऐवज पेटंटमधल्या दाव्याच्या शब्दांशी ताडायचा, चित्राशी नव्हे. कागदाच्या डावीकडे दाव्यातला एकेक घटक लिहावा, उजवीकडे तो जुन्या दस्तऐवजात कुठल्या पानावर आहे ते. नावीन्य नाकारायचं तर सगळे घटक एकाच दस्तऐवजात हवेत, आणि तो अर्जाच्या अग्रक्रम-तारखेआधीचा हवा. दोन-तीन दस्तऐवज जोडता येतात, पण मग ती जोडणी त्या कामातल्या जाणकाराला सहज सुचली असती हे पटवावं लागतं. बिश्वनाथ प्रसाद खटल्यात १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने लेथवर भांडी धरण्याच्या युक्तीचं पेटंट रद्द ठरवलं, ते याच कसोटीवर: वर्कशॉपमधली नेहमीची सुधारणा म्हणजे शोध नव्हे.

बजाज-टीव्हीएसचा वाद २०१९ मध्ये तडजोडीने मिटला. बारा वर्षं कोर्टात काढणं लघुउद्योजकाला परवडत नाही. त्याऐवजी पेटंटची मंजुरी प्रसिद्ध झाल्यापासून वर्षाच्या आत पेटंट कार्यालयातच विरोध नोंदवता येतो. महाराष्ट्रातल्या अर्जांसाठी ते मुंबईत आहे. स्पर्धकांच्या अर्जांवर नजर ठेवली तर ही मुदत हातची जात नाही.