मधुमेह, मूत्रपिंडे व हृदय

हृदय दुर्बल झाले आहे, असे डॉक्टरांनी सांगितले की घरची मंडळी हवालदिल होतात. वास्तविक ज्यास हार्ट फेल्युअर म्हणतात त्याचा अर्थ हृदय थांबले असा नसून, शरीरास हवे तितके रक्त ते पुढे लोटू शकत नाही, असा होय.

हृदय दर मिनिटास सुमारे ५ लिटर रक्त फिरविते व त्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा मूत्रपिंडांकडे जातो. हृदय थकले की हा पुरवठा घटतो. मग शरीरात पाणीच कमी पडले अशा समजाने मूत्रपिंडे मीठ व पाणी धरून ठेवतात. ते पायांत व फुप्फुसांत साचते आणि थकलेल्या हृदयावर आणखी भार पडतो. ह्या व्यवहारात मधुमेह हा तिसरा भागीदार. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लक्ष सूक्ष्म गाळण्या असतात. वाढलेली साखर वर्षानुवर्षे त्या निकामी करीत जाते आणि हृदयाच्या स्नायूंसही सोडीत नाही.

आम्हां सुरतकरांची बैठक दिवसभर गादीवर, आणि चांदणी पडव्यास घारीबरोबर भुसू हवेच. म्हणजे साखर व मीठ एकाच ताटात! मधुमेही बंधू घारी टाळतात, परंतु पापड-लोणच्यातील मिठाचा हिशेब कोणी ठेवीत नाही.

पुष्कळ जण क्रिएटिनिन ठीक आले म्हणून निश्चिंत होतात. ते वाढेपर्यंत मूत्रपिंडांची निम्मी शक्ती गेलेली असू शकते. लघवीतील अल्ब्युमिनची तपासणी बिघाड त्याआधी दाखविते. प्रत्येक मधुमेह्याने ती वर्षातून एकदा तरी करावी. दोनतीन दिवसांत वजन २ किलो वाढणे, पाय सुजणे, रात्री उताणे निजल्यावर दम लागणे, ह्या खुणा दिसताच डॉक्टरांस गाठावे.

सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ साली फ्लोरिझिन नामक द्रव्य मिळाले. त्याच वाटेने पुढे निघालेली डापाग्लिफ्लोझिन व एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधे साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, आणि हृदय व मूत्रपिंडे दोहोंसही उपकारक ठरली आहेत. मार्च २०२५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनचे भारतीय पेटंट संपल्यावर तिच्या स्वस्त गोळ्याही मिळू लागल्या.

मात्र पर्युषणात अठाई किंवा चौविहार उपवास करणाऱ्यांनी येथे विशेष सावध असावे. ह्या गोळ्या चालू असता उपाशी राहिल्यास, साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात घातक आम्ल साचू शकते; शिवाय पाणी वर्ज्य केल्याने मूत्रपिंडांवर ताण पडतो. म्हणून पच्चक्खाण घेण्यापूर्वी काही दिवस आधीच डॉक्टरांस विचारून गोळी केव्हा थांबवावी व इन्सुलिन किती घ्यावे हे ठरवावे. इन्सुलिन आपल्या मनाने मुळीच बंद करू नये. मळमळ, पोटदुखी वा जोराचा श्वास सुरू झाल्यास तत्काळ पारणे करून रुग्णालय गाठावे.