ट्रक बघायला जाताना कार सीट बरोबर ने

हो म्हण गं, ट्रकला नाही म्हणू नकोस. सहा फूट चार इंचांच्या माणसाने इतकी वर्षं सेडानमध्ये गुडघे स्टिअरिंगला टेकवून काढली, त्याला टेक्सासात येऊन ट्रक हवासा वाटला तर त्यात वावगं काय? फक्त एक अट घाल. ट्रक तो निवडेल, कॅब मात्र तू निवडणार. इंजिन, रंग, चाकं, स्पीकर, सगळं त्याला लखलाभ. मागचा दरवाजा उघडल्यावर आत काय काय बसतं, याबद्दलचा शेवटचा शब्द तुझा.

आईचं बोलणं मनावर घेऊ नकोस. पिकअप म्हटलं की तिच्या डोळ्यांसमोर मार्केट यार्डात कांद्याची पोती उतरवणारी बोलेरो येते, नाहीतर छोटा हत्ती. ‘जावईबापू टेम्पो घेतायत’ असं ती मावशीला सांगून मोकळीसुद्धा झाली. इथला ट्रक वेगळा असतो हे तिला उन्हाळ्यात इथे आल्यावर, त्यात चढताना कळेलच.

तर आधी कॅब. एकाच नावाचा ट्रक दोन-तीन कॅबमध्ये मिळतो. सगळ्यात लहान ती एका रांगेची. ती आपल्या कामाची नाही, कारण धाकट्याची उलट्या तोंडाची, म्हणजे मागे तोंड करून बसवायची कार सीट चालू एअरबॅगसमोर कधीच लावायची नसते आणि तिथे मागे रांगच नाही. उरल्या दोन, आणि माणूस फसतो तो इथे. दोन्हींना चार दरवाजे, दोन्हींना मागे सीट, आणि नावं प्रत्येक कंपनीची निराळी. फोर्ड एफ-१५० ला सुपरकॅब आणि सुपरक्रू. शेव्हरोले आणि जीएमसीला डबल कॅब आणि क्रू कॅब. रॅमला क्वाड कॅब आणि क्रू कॅब. टोयोटा टुंड्राला डबल कॅब आणि क्रूमॅक्स. प्रत्येक जोडीतलं पहिलं नाव आखूड कॅबचं. पण टोयोटाच्याच धाकट्या टॅकोमात ‘डबल कॅब’ म्हणजे मोठी कॅब! तेव्हा नावं पाठ करत बसू नकोस. सेल्समनला सरळ विचार, मागच्या सीटला पाय ठेवायला किती इंच?

तो आकडा ऐकलास की सगळं उलगडतं. एफ-१५० च्या सुपरकॅबमध्ये मागे साडेतेहतीस इंच, सुपरक्रूमध्ये ४३.६. टुंड्राच्या डबल कॅबमध्ये ३३.३, क्रूमॅक्समध्ये ४१.६. शेव्हरोले सिल्व्हराडोच्या क्रू कॅबमध्ये ४३.४ आणि रॅम १५०० च्या क्रू कॅबमध्ये ४५.२. आखूड आणि लांब कॅबमधला हा आठ-दहा इंचांचा फरक म्हणजेच तुझ्या धाकट्याची कार सीट. आखूड कॅब स्वस्त पडते, त्यात हौदा लांब मिळतो, आणि सेल्समन म्हणेल, ‘मागे मुलंच तर बसणार, त्यांचे पाय केवढे!’ त्याला म्हणावं, मुलाचे पाय लहान असतात, पण त्याची सीट मोठी असते.

कारण धाकटा अजून उलट्या तोंडाने बसतो, आणि त्याला तसंच बसू दे. इथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्सने, २०१८ मध्ये दोन वर्षांची जुनी अट काढून टाकली. आता त्या सीटवर लिहिलेली उंचीची किंवा वजनाची मर्यादा गाठेपर्यंत मूल मागे तोंड करूनच बसवायचं, असा त्यांचा सल्ला आहे. म्हणजे बऱ्याच मुलांना दुसऱ्या वाढदिवसानंतरही बराच काळ. ही सीट कलती बसते, म्हणून ती रुंदीपेक्षा पुढे-मागे जास्त जागा खाते. आणि तिच्या पुढे कोण बसणार? ज्याची सीट रुळाच्या शेवटच्या खाचेपर्यंत मागे सरकलेली असते, तो तुझा नवरा.

तू म्हणशील, मग ती सीट ड्रायव्हरच्या मागे नकोच, माझ्या मागे लावू. ठीक. पण ज्या दिवशी गाडी तू चालवशील, त्या दिवशी तो तुझ्या शेजारच्या सीटवर बसेल ना? लांबच्या प्रवासात तुम्ही आलटून पालटून चालवता, मला ठाऊक आहे. म्हणून दोन्ही बाजूंना लावून बघ.

बघायचं कसं, तेही सांगते, कारण क्रम चुकला की सगळी कसरत फुकट. आधी तो बसेल. घाईघाईत नको, हायवेवर दोन तास चालवायचं आहे अशा बेताने. सीट, पाठ, स्टिअरिंग सगळं लावून घेईल. मग उतरेल आणि कोणीही सीटला हात लावायचा नाही. आता मागे धाकट्याची सीट बसव, नीट, पट्टा ओढून, कलतेपणाची खूण जुळवून. मग त्याला पुन्हा पुढे बसव. त्याला एक खाचसुद्धा पुढे सरकावं लागलं तर तो ट्रक तुमचा नाही. ‘चालतंय गं, होईल सवय’ असं तो म्हणेल. पुरुषांना नवीन ट्रकच्या वासात काहीही चालतं. ऐकू नकोस. गुडघे डॅशबोर्डला टेकवून बसणं गैरसोयीचं तर आहेच, पण अपघातात पायांचं नुकसानही त्यानेच होतं.

मोठीची सीट पुढे तोंड केलेली, तिची अडचण निराळी. तिच्या पाठीमागून वर येणारा जो पट्टा आहे ना, टेदर, तो पुढे तोंड केलेल्या सीटला दर वेळी लावायचाच असतो. धक्का बसला की मुलाचं डोकं पुढे किती फेकलं जाईल, ते त्यावर ठरतं. साध्या गाडीत त्याचा हुक मागच्या फळीवर चटकन सापडतो. ट्रकमध्ये सीटची पाठ मागच्या काचेला भिडलेली, फळी येणार कुठून? म्हणून बऱ्याच ट्रकांत सीटच्या पाठीमागे कापडी लूप असतात. परकराची नाडी ओवतो तसा पट्टा आपल्या सीटमागच्या लूपमधून ओवायचा आणि शेजारच्या सीटमागच्या लूपला किंवा अँकरला अडकवायचा. काही ट्रकांत त्यासाठी सीटची पाठ पुढे पाडावी लागते, काहींत हात मनगटापर्यंत फटीत घालावा लागतो. जवळच्याच लूपला हुक अडकवून निघून जाणारे पुष्कळ आईबाप मी पाहिले आहेत. प्रत्येक ट्रकची पद्धत वेगळी, आणि ती फक्त त्या ट्रकच्या मॅन्युअलमध्ये असते. सेल्समनला विचारू नकोस, मॅन्युअल माग आणि तिथेच उभी राहून वाच. विमा कंपन्यांची आयआयएचएस ही संस्था २०१५ पासून गाड्यांना कार सीट बसवण्याच्या सोयीबद्दलही श्रेणी देते, तीही घरून निघण्याआधी बघ.

कार सीट गाडीला अडकवायच्या खालच्या दोन हुकांचंही एक आहे. मूल आणि सीट मिळून ६५ पौंड झाले की ते हुक सोडायचे आणि सीट गाडीच्या पट्ट्याने बांधायची. सुरक्षिततेत दोन्ही सारखेच, फक्त कंपनीने परवानगी दिल्याशिवाय दोन्ही एकदम लावायचे नाहीत. मधल्या जागेला बहुतेक ट्रकांत खालचे हुक नसतात, तिथे पट्टाच. आणि मोठी सात-आठ वर्षांची झाली म्हणून बूस्टर काढायची घाई नको. टेक्सासचा कायदा आठ वर्षांखालच्या मुलाला, ते चार फूट नऊ इंचांहून उंच नसेल तर, कार सीट किंवा बूस्टर लागतोच म्हणतो. पण तो कायदा म्हणजे किमान. पट्टा मानेवर न येता खांद्यावर आणि पोटावर न येता मांड्यांवर बसायला लागला की बूस्टर सोड. आणि हौद्यात मुलं बसवून कोपऱ्यापर्यंतसुद्धा जायचं नाही. अठराखालच्यांना इथे कायद्याने बंदी आहे, पिकनिकला गेल्यावर काका लोक कितीही आग्रह करोत.

आता जावईबापूंकडे वळू. उंच माणूस ट्रकमध्ये सुखी असतो, हे बरंचसं खरं. तरी दोन गोष्टी तपास. एक, सनरूफ. काचेच्या छतासाठी जी चौकट लागते ती डोक्यावरची जागा खाते, आणि त्याच्यासारख्याला एकेक इंच हवा असतो. मोठं काचेचं छत बहुतेक वेळा महागड्या प्रकारातच येतं, म्हणून जास्त पैसे मोजून कमी उंची विकत घेणारेही असतात. दोन, सिग्नल. उंच माणसाची नजर काचेच्या वरच्या कडेला भिडते आणि सगळ्यात पुढे उभं राहिलं की दिवा दिसेनासा होतो. टेस्ट ड्राइव्हला एका तरी लाल सिग्नलला पहिल्या रांगेत थांबा. सीट पुरेशी खाली जाते का, स्टिअरिंग वर-खाली होतं तसं बाहेरही ओढता येतं का, हे तो बघेलच.

पण त्याच सीटवर पाच फूट एक इंचाची तूही बसणार आहेस. म्हणून सीटची स्थिती लक्षात ठेवणारं बटण माग, एक त्याचं, एक तुझं. काही ट्रकांत पेडलसुद्धा बटणाने जवळ येतात. ते मिळालं तर सोडू नकोस, नाहीतर पाय पोचवायला तू छातीने स्टिअरिंगला चिकटून बसशील.

आणि तुला बॉनेटपलीकडे काय दिसतं, ते बघ. हे मला सगळ्यात जास्त खुपतं. आयआयएचएसने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासात, चाळीस इंचांहून उंच नाकाच्या गाड्यांनी पादचाऱ्याला धडक दिली तर तो दगावण्याची शक्यता बसक्या उतरत्या नाकाच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त दिसली. मोठे ट्रक त्याच उंच नाकाचे. तीन वर्षांचं पोर समोर उभं असेल तर तुला दिसणारही नाही. मागचा कॅमेरा मे २०१८ पासून नव्या गाड्यांत सक्तीचा आहे, पुढचा नाही. पुढचा किंवा चहूबाजूंचा कॅमेरा असलेलाच ट्रक घे. त्यासाठी चामड्याच्या सीट सोडाव्या लागल्या तरी सोड. आणि ड्राइव्हवेतून ट्रक काढताना मुलं एकतर आत पट्ट्यात, नाहीतर कोणाच्या तरी हातात.

चढण्या-उतरण्याचं तुला आता जाणवणार नाही, तीस पौंडांचं झोपलेलं मूल उचलून छातीच्या उंचीवर ठेवायला लागलीस की जाणवेल. पायरी हवीच, दाराच्या खांबाला धरायला मूठ हवीच. आईचे गुडघे आणि तिची साडी डोळ्यांसमोर ठेव. आखूड कॅबवर माझा आणखी एक राग आहे तो इथलाच. एफ-१५० सुपरकॅबचं मागचं दार उलटं उघडतं आणि पुढचं उघडल्याशिवाय उघडत नाही. कॉस्टकोच्या पार्किंगमध्ये शेजारी गाडी, दोन्ही दारं उघडी, मधल्या कोपऱ्यात तू, कडेवर एक आणि पायाशी एक. त्यात ऊन टेक्सासचं.

आई-बाबा आल्यावर मागे तेही बसणार, म्हणून एक कडू गोष्टही सांगते. आयआयएचएसने २०२३ मध्येच मोठ्या ट्रकांच्या समोरच्या धडकेत मागचा प्रवासी किती सुरक्षित राहतो हे तपासलं. तिथला पुतळा लहानखुऱ्या बाईच्या किंवा बारा वर्षांच्या मुलाच्या मापाचा असतो. एफ-१५०, रॅम आणि सिल्व्हराडो सगळ्यात खालच्या श्रेणीत आले, टुंड्रा त्यांच्या एकच पायरी वर. कार सीटमधल्या बाळांची ही चाचणी नव्हे, पण पट्टा लावून बसलेल्या आईची नक्कीच आहे. कंपन्या सुधारणा करत असतात, म्हणून तुम्ही घ्याल त्या वर्षीच्या मॉडेलचा निकाल काढून वाच.

गॅरेज मापून ठेव. साडेपाच फुटी हौद्याचा सुपरक्रू एकोणीस फुटांच्या वर जातो. वीस फुटांच्या गॅरेजमध्ये तो मावला तरी तुझा दुसरा फ्रिज आणि तांदळाची पोती बाहेर. साडेसहा फुटी हौदा तर विसराच.

‘मग जरा छोटा घेऊ’ असं कोणीतरी म्हणेलच. मधल्या आकाराच्या ट्रकांत माझी पसंती एकट्या होंडा रिजलाइनला. मागे ३६.७ इंच, चालायला कारसारखा मऊ. निसान फ्रंटियरच्या मोठ्या कॅबमध्येसुद्धा मागे ३३.२ इंचच. सहा फूट चार इंचांच्या मागे तिथे उलटी सीट बसणं कठीण.

आणि खरं सांगू? ट्रेलर ओढायचा नसेल, लाकूड-माती आणायची नसेल, तर सिएना किंवा ओडिसी ही मिनिव्हॅन एकदा दोघांनी मिळून चालवून बघा. सरकते दरवाजे, खालची पायरी, तीन रांगा. त्याला ती आवडणार नाही, ते मी जाणून आहे. तरी बघा. त्यानंतरही ट्रकच हवा असेल तर पूर्ण आकाराचा, लांब कॅबचा, लहान हौद्याचा. त्याहून कमी घेण्यात अर्थ नाही.

ट्रक घरी आल्यावर दोन्ही सीट प्रमाणित कार सीट तंत्रज्ञाकडून तपासून घे. ही तपासणी पुष्कळ ठिकाणी फुकट होते, आणि जवळचं केंद्र एनएचटीएसए या रस्ते सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या वेबसाइटवर पिनकोड टाकला की सापडतं. शनिवारी डीलरकडे जाताना दोन्ही सीट, त्यांची मॅन्युअल्स आणि मोजपट्टी डिकीत टाक. मुलांना माझ्याकडे सोड, नवऱ्याला पोटभर जेवू घाल, आणि कागदावर सही करण्याआधी मला फोन कर.